वाळवंटात पेंग्विन राहतो कसा, आणि मग मुंबईत त्याला एसी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सुट्टीत मुलीला राणीच्या बागेत घेऊन गेलो. फलकावर लिहिलं होतं, हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. घरी येऊन नकाशा पाहिला तर तिथे अटाकामाचं वाळवंट! वाळवंटात पेंग्विन कसा जगतो? आणि तिथल्या उन्हात जगत असेल, तर मुंबईत काचेमागे एसी कशासाठी? मुलगी विचारते, वाळवंटात ते पाणी कुठलं पितात?"

मी पक्ष्यांची डॉक्टर. वीसेक वर्षांत बरेच हंगाम पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि काही नामिबियात काढलेत. मूळची मी रत्नागिरीकडची, त्यामुळे समुद्र, मासळी आणि वास यांची सवय होती. तरी पेंग्विनच्या वसाहतीतला पहिला आठवडा नाकाला ओढणी बांधूनच गेला, हे कबूल करते.

आधी ते 'वाळवंट' बाजूला ठेवू. शब्द ऐकला की आपल्यापुढे राजस्थान येतं. उंट, झळा, पन्नासला टेकलेला पारा. पेरूचं किनारी वाळवंट तसं नाही. मुंबई विषुववृत्तापासून १९ अंश उत्तरेला आहे, चिलीतलं आरिका हे गाव साधारण तितकंच दक्षिणेला. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आरिकात सरासरी एक मिलिमीटरही नाही. इतकी कोरडी जागा, पण उकाडा मुंबईपेक्षा कमी. लिमा हे कोटभर वस्तीचं शहर वाळवंटातच वसलंय. तिथे जून ते सप्टेंबर आकाश राखाडी असतं, सूर्य दिवसचे दिवस दिसत नाही आणि माणसं स्वेटर घालून कामाला जातात. पेरूत मी पहिल्यांदा उतरले ती जुलैत, सुती कपड्यांची बॅग घेऊन. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन अल्पाकाच्या लोकरीची टोपी घेतली.

हे सगळं समुद्रामुळे. त्या किनाऱ्यावर वारा दक्षिणेकडून, किनाऱ्याला समांतर वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्या गोलार्धात वरचं पाणी वाऱ्याच्या डावीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राकडे सरकतं. रिकाम्या झालेल्या जागी खालून थंड पाणी वर येतं. दक्षिण पेरूत समुद्राचं पाणी १४ ते १८ अंशांच्या आसपास असतं, आपल्याकडे जुहूला ते २५ ते ३० असतं. हे खालचं पाणी नुसतं थंड नसतं, खतावलेलंही असतं. तळाशी साचलेले नायट्रेट, फॉस्फेट उजेडात येतात, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतं आणि प्लवकावर आंचोवेता नावाची मासळी. ही आपल्या मांदेलीच्याच कुळातली. १९७०च्या सुमारास पेरू एकटा वर्षाला एक कोट टनांहून जास्त आंचोवेता पकडत होता, आणि ती बहुतेक सगळी माणसाच्या ताटात नव्हे, कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात जात होती.

हेच थंड पाणी वाळवंटही करतं. पाण्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, तिच्यावर ऊबदार हवेचं झाकण बसतं. हवा वर चढलीच नाही तर पावसाचे ढग होणार कुठून? पूर्वेकडून ॲमेझॉनची ओल यावी, तर मध्ये आंदीज पर्वताची भिंत. मग उरतं ते धुकं. पेरूत त्याला गारुआ म्हणतात, चिलीत कामांचाका. नामिबियात याच गोष्टी बेंग्वेला प्रवाहामुळे होतात: थंड समुद्र, धुकं, मागे नामीब वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या आणि समोरच्या मर्क्युरी, हॅलिफॅक्स, इचाबो अशा चिमुकल्या बेटांवर आफ्रिकन पेंग्विन. हा हम्बोल्टचा सख्खा भाऊच. गालापागोसचा आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडल्या पॅटागोनियातला मॅजेलॅनिक धरून चौघांचं एक घराणं. चौघांच्याही छातीवर काळा पट्टा, आणि आवाज गाढवाचा. ही थट्टा नाही. १४९७ साली वास्को द गामाचा जो ताफा पुढे कालिकतला पोचला, त्यातल्या रोजनिशीत दक्षिण आफ्रिकेतल्या मॉसेल बे इथल्या उडता न येणाऱ्या आणि गाढवासारख्या ओरडणाऱ्या पक्ष्यांची नोंद आहे.

म्हणजे पेंग्विन चुकून वाळवंटात येऊन पडला, असं नाही. ज्या पाण्यामुळे जमीन सुकली, त्याच पाण्यावर तो पोसला जातो. तो जगतो समुद्रात. जमिनीवर येतो तो अंडी घालायला, पिल्लं वाढवायला आणि पिसं बदलायला. खरी पंचाईत असते ती या जमिनीवरच्या दिवसांत, कारण अंगावरचा कोट उतरवून ठेवता येत नाही.

पंधरा अंशांच्या पाण्यात तासन् तास राहायचं म्हणून याच्या अंगावर दाट, एकमेकांत घट्ट बसलेली पिसं आणि खाली चरबीचा थर. तोच पक्षी जानेवारीच्या दुपारी काळी पाठ घेऊन खडकावर उभा राहतो. (तिकडचा जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा.) उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मोजक्याच जागा आहेत. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती उघडी कातडी असते. ती एरवी फिकट दिसते, पण उन्हात रक्त तिकडे वळतं आणि ती भडक गुलाबी होते. वल्ह्यासारखे पंख तो अंगापासून दूर धरतो, कारण पंखांच्या खालच्या बाजूला पिसं विरळ असतात. मोठे पायही कामी येतात. गंमत अशी की याच पंखांच्या मुळाशी रक्तवाहिन्यांचं एक जाळं असतं. आत येणाऱ्या थंड रक्ताला बाहेर जाणारं ऊन रक्त तापवतं, म्हणजे समुद्रात ऊब वाया जात नाही. पंख समुद्रात ऊब राखतात आणि खडकावर ती बाहेर टाकतात. शेवटचा उपाय चोच उघडून धापा टाकण्याचा, पण त्यात अंगातलं पाणी खर्च होतं, म्हणून तो परवडतो थोडाच वेळ.

हे सगळे उपाय तात्पुरते. खरा उपाय म्हणजे डोक्यावर छप्पर.

पेरूत पुंता सान हुआन म्हणून एक भूशिर आहे, साधारण पन्नास हेक्टरांचं. १९४०च्या दशकात विष्ठेच्या खतासाठी समुद्रपक्षी राखायचे म्हणून जमिनीच्या बाजूने तिथे भिंत बांधली. कोल्हा, कुत्रा, माणूस बाहेर राहिला आणि आतल्या पेंग्विनना आयतं बेट मिळालं. तिथली एक दुपार सांगते. मी पालथी पडून एका बिळात टॉर्च मारत होते. बाहेरच्या दगडावर कोपर टेकवत नव्हतं. हात आत घातला आणि माठाजवळ बसल्यासारखं वाटलं. आत नर अंड्यांवर बसलेला. पेंग्विनना दोन्ही डोळ्यांनी एकदम नीट न्याहाळता येत नाही, म्हणून तो मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरकी करत माझ्याकडे बघत होता, चष्मा विसरलेले आजोबा वर्तमानपत्र धरतात तसा. अमोनियाने माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याच्या चोचीच्या टोकाशीही एक थेंब लोंबत होता. त्याने मान झटकली, थेंब माझ्या हातावर उडाला. मी चाटून पाहिला (ही माझी वाईट खोड), तर खारट जहर. या थेंबाकडे पुन्हा येऊ.

ते बीळ मातीत नव्हतं, खडकातही नव्हतं. ते विष्ठेत खणलेलं होतं. तिला गुआनो म्हणतात, पेरूतल्या मूळ केचुआ भाषेतल्या 'वानू'वरून. गुआनोचे ढीग मुख्यतः ग्वानाय पाणकावळे, बूबी आणि पेलिकन या समुद्रपक्ष्यांचे. पेंग्विन त्यात भाडेकरू. पाऊस नाही म्हणून विष्ठा वाहून जात नाही, वर्षानुवर्षं थरावर थर बसतात आणि त्यांचा कडक, पण नखांनी उकरता येईल असा दगड होतो. आत तापमान स्थिर, थोडी ओल, आणि अंडी पळवणाऱ्या कुरव पक्ष्यांपासून आडोसा. याहून चांगलं घर त्या किनाऱ्यावर दुसरं नाही.

आणि तेच घर माणसाने पोत्यात भरून विकलं. १८४०च्या दशकापासून युरोपच्या शेतांना खत म्हणून पेरूचा गुआनो जाऊ लागला. पेरूच्या चिंचा बेटांवर त्याचे थर दीडशे फुटांच्या घरात होते. ते कुदळींनी फोडायला करारावर आणलेले चिनी मजूर जुंपले, त्यातले किती तिथेच मेले त्याचा धड हिशोब कुणी ठेवला नाही. १८६४ ते ६६ या काळात स्पेनने त्या बेटांवरून पेरू आणि चिलीशी युद्धसुद्धा केलं. विष्ठेवरून युद्ध! हे मी शाळेतल्या मुलांना सांगते तेव्हा वर्ग पाच मिनिटं आवरत नाही. नामिबियाच्या इचाबो बेटावर तर १८४३ ते ४५ या दोन-अडीच वर्षांतच शेकडो जहाजांनी मिळून बेट खडकापर्यंत साफ केलं.

खडकात खणता येत नाही. त्यामुळे आज पुष्कळ पेंग्विन उघड्यावर, दगडांच्या कपारीत, समुद्रगुहांत, चिलीतल्या बेटांवर निवडुंगांच्या आडोशाला अंडी घालतात. उघड्यावर बसलेल्या पक्ष्याला दुपारी ऊन सोसवलं नाही की तो उठून पाण्याकडे जातो, आणि तो उठायचीच वाट कुरव बघत असतात. अंडं गेलं ते उन्हामुळे की कुरवामुळे, असं मला विचारतात. मी म्हणते, १८४४च्या जहाजांमुळे.

पुंता सान हुआनला आजही काही वर्षांच्या अंतराने सरकारी देखरेखीखाली गुआनोची खरवडणी होते, पण पेंग्विनच्या जागा राखून. हा व्यवहार मला मान्य आहे. मजुराला रोजी मिळते, शेतकऱ्याला खत मिळतं, आणि भिंतीची डागडुजी करायला कुणाला तरी कारण राहतं. नुसत्या 'संरक्षित' पाटीवर भिंती टिकत नाहीत.

मग कृत्रिम घरटी बसवून द्यावीत, असं तुमच्या मनात येईल. आमच्याही आलं. एका प्रकल्पात आम्ही फायबरग्लासची अर्धगोल घरटी बसवली. दिसायला सुबक, वाहून न्यायला हलकी. पहिल्या कडक दुपारी आत हात घातला तो झटकन मागे घेतला: भट्टी होती. हवा खेळायला भोकं अपुरी, भिंत एकपदरी. दोन घरट्यांतली अंडी गेली. दोष कुणा दुसऱ्याचा नव्हता, आम्ही ती आधी महिनाभर रिकामी ठेवून आत तापमापक लावायला हवा होता. आता दक्षिण आफ्रिकेत दुपदरी, चिनी मातीचा लेप दिलेली घरटी वापरतात, ती पुष्कळ बरी. पण तुम्ही कुठल्याही पक्ष्यासाठी घरटं बनवणार असाल, अगदी बाल्कनीतल्या चिमणीसाठी, तर आधी ते भर दुपारी उन्हात ठेवून आत हात घालून पाहा.

उन्हाने खरंच पेंग्विन मरतात का? मरतात. अर्जेंटिनात पॅटागोनियाच्या रखरखीत माळावर पुंता तोंबो इथे मॅजेलॅनिक पेंग्विनची अफाट वसाहत आहे, डी बोर्स्मा या बाईंनी १९८२ पासून तिचा अभ्यास चालवलाय. १९ जानेवारी २०१९ ला तिथे सावलीत ४४ अंश तापमान गेलं. त्यानंतर ३५४ पेंग्विन मेलेले सापडले, त्यातले २६४ मोठे होते. पुष्कळसे पोटावर पडलेले, पाय आणि पंख पसरलेले, चोच उघडी.

पण वाळवंटी पेंग्विनला उन्हाइतकाच दुसरा शत्रू आहे पाऊस. आपल्याला हे पटायला जड जातं, कारण आपल्याकडे पाऊस आला की सगळ्यांचं भलं. तिथे बीळ पाऊस नाही या भरवशावर खणलेलं असतं. एक जोराची सर आली की छत बसतं, अंडी चिखलात जातात. पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की आईबापांच्या पोटाखाली मावत नाहीत, आणि अंगावर असते नुसती लव, जी भिजली की ऊब संपली. पुंता तोंबोला एका वर्षी वादळी पावसाने निम्मी पिल्लं मारली. मेलेलं भिजकं पिल्लू हातात घेतलं की वजनच लागत नाही, ओला बोळा उचलल्यासारखं वाटतं.

एल निन्योच्या वर्षी, म्हणजे दर काही वर्षांनी तिथला समुद्र तापतो तेव्हा, उपासमार आणि पाऊस हे दोन्ही मार एकदम बसतात. वारा पडतो, खालचं थंड पाणी वर येत नाही, आंचोवेता खोल जाते किंवा दक्षिणेला सरकते. वर कोरड्या किनाऱ्यावर पाऊस. १९८२-८३च्या एल निन्योत पेरूतल्या हम्बोल्ट पेंग्विनांची संख्या सुमारे ६५ टक्क्यांनी घटली. या पक्ष्याच्या बहुतेक बुड्या तीस मीटरच्या आतल्या असतात आणि घरी पिल्लू असलं की त्याला लांब जाता येत नाही. मासळी किनाऱ्यालगत आणि वरच्या थरात असेल तरच त्याचा संसार चालतो. निसर्गाचे असे फटके त्याने हजारो वर्षं खाल्ले आणि चांगल्या वर्षी भरून काढले. आता भरून काढायला मासळी उरत नाही, कारण चांगल्या वर्षी ट्रॉलर आणि जाळी आधी पोचलेली असतात. नामिबियात सार्डिन १९७०च्या दशकात संपली, तिच्या जागी जेलीफिश आणि निकस गोबी मासे आले, आणि पेंग्विन ओसरले. २०२४ साली आफ्रिकन पेंग्विनची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. विणीच्या जोड्या दहा हजारांहून कमी राहिल्यात. हम्बोल्ट अजून 'असुरक्षित' या पायरीवर आहे. २०२२-२३च्या बर्ड फ्लूने पेरू-चिलीत पेलिकन आणि बूबी लाखांनी मेले, त्यात पेंग्विनही गेले. त्या काळात आम्हाला वसाहतीत पाऊल टाकायची मनाई होती, दुर्बिणीतून मेलेले मोजायचे एवढंच काम.

आता मुंबईचा एसी.

राणीच्या बागेतले पहिले आठ हम्बोल्ट जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, पुढे तिथेच पिल्लं झाली. आत १६ ते १८ अंश ठेवतात. वाचल्यावर वाटतं, केवढे लाड! पण दक्षिण पेरूचा समुद्र आठवा, आकडा जवळपास तोच आहे. युरोपात हाच पक्षी उघड्यावर ठेवतात, कारण तिथली हवा त्याला मानवते. मुंबईत मे महिन्यात ३३-३४ अंश आणि हवा दमट. धापा टाकून गार व्हायचं तर ओलावा हवेत जायला हवा, आणि हवा आधीच ओली. पाण्यात उतरून गार व्हावं, तर पाणीही कोमट. पेरूत त्याला दुपारी ऊन असह्य झालं की दोनशे पावलांवर पंधरा अंशांचा समुद्र असतो. एसी त्या समुद्राच्या जागी आहे.

आणि त्या काचेचं एक काम फलकावर सहसा लिहिलेलं नसतं: डास बाहेर ठेवणं. पाऊस नाही, डबकी नाहीत, म्हणून त्या वाळवंटी किनाऱ्यावर डास जवळजवळ नाहीतच. परिणामी पेंग्विनच्या शरीराला पक्ष्यांच्या मलेरियाची ओळखच नाही. (माणसाचा मलेरिया वेगळा. पक्ष्यांचा माणसाला किंवा माणसाचा पक्ष्यांना लागत नाही.) आपले कावळे, चिमण्या तो अंगावर काढतात, पण क्युलेक्स डासाने तोच जंतू पेंग्विनला दिला तर धडधाकट पक्षीही आडवा होतो. युरोप-अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत असे कळप गेलेले आहेत. दुसरी भीती बुरशीची. ॲस्परजिलस, शिळ्या भाकरीवर येते त्यातलीच एक. दमट हवेत तिचे बीजाणू फुप्फुसात बसले की बाहेरून काही दिसत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून एखादा पेंग्विन जेवणाच्या वेळी पुढे आला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. मुंबईत हवा गाळून आणि कोरडी करून आत सोडणं हे गारव्याइतकंच महत्त्वाचं.

पेंग्विन असे कोंडून ठेवावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, म्हणून त्यात शिरत नाही. ठेवलेच आहेत तर एसी बंद करून 'वाळवंटी पक्षी आहे, सोसेल' म्हणणं हे मात्र अज्ञान आहे, आणि ते मी शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय.

राहिला तुमच्या मुलीचा प्रश्न, आणि तो थेंब. वाळवंटातला पेंग्विन समुद्राचंच पाणी पितो. थोडं मासळीतूनही मिळतं. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खाचेत त्याच्या दोन ग्रंथी असतात. त्या रक्तातलं जास्तीचं मीठ उपसतात आणि समुद्राहून खारट पाणी नाकपुडीवाटे चोचीवरून खाली ओघळवतात. टोकाशी थेंब जमला की पक्षी मान झटकतो. माझ्या हातावर उडालं ते हेच. गोड्या पाण्यात ठेवलेल्या पेंग्विनांच्या या ग्रंथी मंदावतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यांना माशाच्या कल्ल्यात मिठाची गोळी दडवून भरवतात. त्यामुळे काचेपलीकडे तो थेंब तिला बहुधा दिसणार नाही.

त्याऐवजी तिला छातीवरचे काळे ठिपके मोजायला सांगा. प्रत्येकाचे वेगळे असतात, पिसं झडून नवी आली तरी तिथेच परत उमटतात. आम्ही वसाहतीत त्यावरूनच पक्षी ओळखतो. एका पक्ष्याचे ठिपके वहीत काढून ठेवले, तर पुढच्या सुट्टीत तोच पक्षी तिला पुन्हा शोधता येईल.